पाल्याच्या डोंगरांतील लेणीं

महाडचें नांव काढिलें कीं मराठी माणसास दोन गोष्टी हटकून आठवतात. एक रायगड आणि दुसरी चवदार तळें. एकानें स्वराज्याचें सिंहासन पाहिलें, तर दुसऱ्यानें माणुसकीच्या हक्काचा लढा पाहिला. परंतु या दोहोंपेक्षां कितीतरी जुनी अशी एक तिसरी गोष्ट महाडच्या वेशीवरच उभी आहे, आणि तिच्याकडे जाणाऱ्यायेणाऱ्याचें लक्ष क्वचितच जातें. मुंबईहून गोव्याकडे निघालेली गाडी महाडजवळ आली म्हणजे उजव्या अंगास एक उभा डोंगर दिसूं लागतो. त्याच्या काळ्या कड्यावर, वर रान आणि खालीं रान यांच्या मधल्या पट्ट्यांत, एका ओळीनें काळोखीं दारें दिसतात. हीं गांधारपाल्याचीं लेणीं. गांवकरी त्यांस पांडवलेणीं म्हणतात. महाडपासून वायव्येस अवघ्या दोनतीन किलोमीटरांवर, गांधारी नदीच्या कांठीं वसलेल्या पाले गांवाच्या माथ्यावर, हा लहानमोठ्या सुमारें तीस लेण्यांचा समूह आहे.

पायथ्यापासून वर जाण्यास आतां पायऱ्या आहेत. चढ फार नाहीं, पण उभा आहे, आणि वैशाखांतल्या दुपारीं तो चढणाऱ्याची चांगलीच परीक्षा पाहतो. अर्ध्या वाटेवर थांबून मागें वळलें कीं या जागेचें मर्म ध्यानांत येतें. खालीं गांधारी वळणें घेत चालली आहे. पलीकडे महाडची वस्ती, आणि तिच्याहि पलीकडे सावित्रीचें रुंद पात्र. महाबळेश्वराच्या माथ्यावर उगम पावून सावित्री पोलादपुरावरून खालीं उतरते, महाडाजवळ गांधारीस पोटांत घेते आणि बाणकोटाशीं समुद्रास मिळते. ज्यांनीं हा कडा निवडला त्यांस एकांत हवा होता हें खरें. परंतु नदी, बाजार आणि रस्ता हीं तिन्ही नजरेच्या टप्प्यांत राहतील इतकाच एकांत त्यांनीं निवडला.

सर्वांत वरच्या आणि उत्तरेकडच्या बाजूस असलेलें पहिलें लेणें या समूहांतील मोठ्या लेण्यांपैकीं एक होय. समोर लांबलचक ओसरी, तिच्या पुढें खांबांची रांग. या खांबांकडे जरा लक्ष देऊन पाहिलें तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते. त्यांतला एकच खांब पुरा झालेला आहे. त्याला चौकोनी बैठक आहे, नाशिकच्या लेण्यांतील खांबांशीं नातें सांगणारा माथा आहे. बाकीचे खांब नुसते चौकोनी दगड म्हणून उभे आहेत. पाथरवटानें आकार आंखून घेतला, आणि मग टांकी पुन्हां त्यांस लागली नाहीं. आंत प्रशस्त मंडप आहे. त्याच्या भिंतींस लागून बसण्याचा कट्टा आहे, मागच्या भिंतींत भिक्षूंच्या खोल्या आहेत आणि मध्यभागीं गाभारा आहे. गाभाऱ्यांत बुद्धाची बैठी मूर्ति आहे. ही मूर्ति लेण्यांतील जुन्या कामाच्या मागाहूनची. आरंभींच्या काळांत बुद्धाची मूर्ति घडवीत नसत. स्तूप हेंच पूजेचें स्थान असे. तसे स्तूप याच डोंगरांत इतर लेण्यांत आहेत. म्हणजे एकाच कड्यावर एका धर्माच्या दोन अवस्था शेजारीं शेजारीं पाहावयास मिळतात.

बाकीचीं बहुतेक लेणीं लहान आहेत. पुढें ओसरी, आंत एक खोली, आणि खोलींत दगडांतच सोडलेला एक ओटा. हा ओटा म्हणजे भिक्षूचा बिछाना. त्याला दुसरें सामान नव्हतें आणि दुसऱ्या सामानाला येथें जागाहि नाहीं.

हें काम झालें कसें, हा प्रश्न प्रत्येक पाहणारा विचारतो. इमारत पायापासून वर चढते. लेणें छतापासून खालीं उतरतें. पाथरवट प्रथम कडा तासून सपाट करी, मग वरच्या बाजूनें आंत शिरे आणि छत पुरें करीत करीत जमिनीकडे येई. त्यामुळें त्याला पहाड बांधावी लागत नसे. परंतु एक घाव चुकला तर तो भरून काढण्याची सोयहि नसे, कारण येथें दगड जोडावयाचा नसून नुसता काढावयाचा असतो. सह्याद्रीचा काळा पत्थर कठीण खरा. पण तो एकजिनसी आहे आणि थरांनीं बसलेला आहे, म्हणून छत टिकतें आणि धार बसते. हत्यारें लोखंडी छिनी आणि हातोडा एवढींच.

आणि मग पाणी. लेण्याजवळ कड्यांत खोदलेलीं टांकीं आहेत. महाडच्या परिसरांत वर्षाला तीन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडतो आणि डोंगरावरून धांवत नदीला जाऊन मिळतो. उरलेले आठ महिने कड्यावर घोटभर पाणी मिळणें कठीण. म्हणून लेणें कोरतांना टांकें कोरणें हें ओघानेंच येई. पावसाळ्यांत भिक्षूंनीं फिरतीवर न राहतां एका जागीं वर्षावास करावा असा संघाचा नियम होता. त्या मुक्कामासाठीं निवारा आणि पुढच्या कोरड्या महिन्यांसाठीं पाणी, या दोन गरजांतून हा डोंगर कोरला गेला.

हें कोणी कोरविलें? येथें डोंगर स्वतःच बोलतो. आठव्या लेण्यांतील ब्राह्मी लेखांत दाता आपलें नांव सांगतो: राजकुमार काणभोज विष्णुपालित. त्यानें काय दिलें याची यादीहि तो देतो. लेणें, चैत्यगृह, आठ ओवऱ्या, आणि लेण्याच्या दोन्ही अंगांस एकेक अशा दोन पोढ्या. पोढी म्हणजे पाण्याचें टांकें. लेणीं पाहणाऱ्या अभ्यासकांत हा शब्द अजून चालतो. शिवाय लेण्याकडे येणारी वाटहि त्यानें दिली. दानाच्या यादींत पाणी आणि वाट यांचा असा वेगळा उच्चार व्हावा, ही लहानशी गोष्ट नव्हे. चैत्यगृह देऊन पुण्य मिळतें हें कोणीहि म्हणेल. पण तेथवर पोंचतां आलें पाहिजे आणि पोंचल्यावर तहान भागली पाहिजे, हें त्या राजकुमारास ठाऊक होतें.

त्याच्या नांवाकडेहि लक्ष द्यावें. विष्णुपालित म्हणजे विष्णूनें सांभाळलेला. नांव विष्णूचें आणि दान बुद्धाच्या भिक्षूंस! इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांत या खोऱ्यांत या दोन गोष्टींत कोणाला विरोध दिसत नव्हता असेंच म्हणावें लागतें. महाडच्या दक्षिणेस, सावित्रीपलीकडे, कोल नांवाचें गांव आहे. त्याच्या पाठीमागच्या टेकडींतहि लहान लेण्यांचे दोन गट आहेत. तेथील एका लेखांत धर्मश्री नांवाच्या स्त्रीनें लेणें दान केल्याचें सांगितलें आहे. ती कोणाची पत्नी? शिवदत्ताची. नवरा शिवानें दिलेला, बायको धर्माची शोभा, आणि दान पुन्हां भिक्षुसंघास. कोलच्याच दुसऱ्या लेखांत संघरक्षित नांवाच्या श्रेष्ठीचें दान आहे. श्रेष्ठी म्हणजे सावकार, शेटजी. म्हणजे राजपुत्र, सावकार आणि घरची बाई, अशीं तीन प्रकारचीं माणसें या दोन टेकड्यांवर आपलें नांव ठेवून गेलीं आहेत.

उत्तरेस राजपुरीच्या खाडीजवळ कुड्याचीं लेणीं आहेत. तेथें तर ही यादी आणखी लांबते. तेथील दात्यांत महाभोज राजांच्या पदरीं असलेला लेखक आहे, वैद्य आहे, फुलें विकणारा माळी आहे, आणि करहाकडचा एक लोखंडाचा व्यापारी आहे. करहाकड म्हणजे आजचें कऱ्हाड. घाटावरच्या कऱ्हाडचा लोखंडवाला समुद्रकांठच्या कुड्यास लेणें कां कोरवितो, या प्रश्नाचें उत्तर नकाशांत आहे. कोंकणच्या खाड्यांत माल उतरे आणि घाटवाटांनीं वर चढे. वरचा माल त्याच वाटांनीं खालीं येई. महाडावरून वरंध घाटानें भोरकडे जातां येतें. पोलादपुराहून पार घाटानें आणि पुढें आंबेनळीच्या रस्त्यानें महाबळेश्वर आणि वाई गांठतां येते. या वाटा जेथें वर पोंचतात तेथेंहि शिरवळ, वाई आणि कऱ्हाड या ठिकाणीं बौद्ध लेणीं आहेतच. नकाशावर लेण्यांचे ठिपके जोडीत गेलें तर जुन्या व्यापाराचा रस्ता आपोआप आंखला जातो. इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ नामक ग्रीक प्रवासवहींत या किनाऱ्यावरील बंदरांचीं नांवें आहेत. त्यांतील मांदागोरा म्हणजे कुड्याजवळचें मांदाड आणि पालैपात्माई म्हणजे हें पाले, म्हणजेच महाड, असें मत कांहीं विद्वानांनीं मांडलें आहे. रोमचा व्यापार, सातवाहनांचें राज्य आणि भिक्षूंचा वर्षावास, या तिहींचा धागा या डोंगराशीं येऊन एक होतो.

पुढें तो धागा तुटला. पश्चिमेचा सागरी व्यापार ओसरला, दात्यांचीं घराणीं गेलीं, संघास राजाश्रय उरला नाहीं. भिक्षूंची पिढी संपली आणि ब्राह्मी लिपि वाचणारी शेवटची व्यक्तिहि केव्हां तरी संपली. अक्षरें कड्यावर राहिलीं, परंतु तीं मुकीं झालीं. मग लोकांनीं आपल्या परीनें उत्तर शोधलें. एवढें अचाट काम माणसाच्या हातून होणें शक्य नाहीं. तेव्हां पांडव वनवासांत असतांना येथें येऊन गेले असले पाहिजेत आणि एका रात्रींत त्यांनीं हीं घरें कोरलीं असलीं पाहिजेत! महाराष्ट्रांत अशीं पांडवलेणीं किती तरी आहेत. या कथेंत आदर आहे हें खरें. परंतु त्या आदराच्या भरांत विष्णुपालित गेला, धर्मश्री गेली, आणि ज्यांच्या हातांना घट्टे पडले ते पाथरवट तर पुरतेच गेले.

१८३७ मध्यें जेम्स प्रिन्सेप यानें ब्राह्मी लिपीचें कोडें सोडविलें आणि मुकीं अक्षरें पुन्हां बोलूं लागलीं. १८८१ मध्यें जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं पश्चिम हिंदुस्थानांतील लेण्यांचे लेख एकत्र प्रसिद्ध केले. त्यांत पाल्याचे आणि कोलचेहि लेख आले. जवळजवळ दीड हजार वर्षांनंतर दात्यांस त्यांचीं नांवें परत मिळालीं.

विसरण्याची आणि परत मिळण्याची अशीच एक कथा जगाच्या दुसऱ्या टोंकास घडली आहे, आणि ती शेजारीं ठेवून पाहण्याजोगी आहे. अमेरिकेच्या नैऋत्येस, कोलोराडो प्रांतांत, मेसा व्हर्दे नांवाचें पठार आहे. तेथील दऱ्यांच्या कड्यांत निसर्गानेंच मोठमोठ्या कपारी केल्या आहेत. बाराव्यातेराव्या शतकांत प्वेब्लो लोकांनीं त्या कपारींच्या आंत दगड, माती आणि लांकूड यांनीं अख्खीं गांवें बांधलीं. त्यांतील सर्वांत मोठ्या वस्तींत सुमारें दीडशें खोल्या आहेत. पाल्याच्या लेण्यांशीं फरक उघड आहे: येथें दगड कोरून काढला, तेथें दगड रचून बांधला, येथें भिक्षु राहिले, तेथें मका पिकविणारीं कुटुंबें नांदलीं. परंतु जागा निवडण्याचें कारण ऐकलें कीं ओळख पटते. पठारावर पडलेलें पाणी वाळूच्या दगडांतून झिरपत खालच्या घट्ट थरापर्यंत येतें आणि नेमकें कपारीच्या मागच्या भिंतीशीं पाझरतें. जेथें पाणी, तेथें घर. १२७६ पासून १२९९ पर्यंत तेथें दीर्घ अवर्षण पडलें हें झाडांच्या खोडांतील वर्तुळांवरून सिद्ध झालें आहे. इतर कांहीं कारणेंहि त्यास मिळालीं असावींत. पण तेराव्या शतकाच्या अखेरीस तीं गांवें ओस पडलीं.

१८८८ च्या डिसेंबरांत गुरें शोधीत निघालेल्या दोघां गोऱ्या गुराख्यांस ती मोठी वस्ती दिसली, आणि ‘नाहींशा झालेल्या लोकांचें नगर’ सांपडल्याचा गवगवा झाला. त्या लोकांस एक नांवहि मिळालें, अनासाझी. हा शब्द शेजारच्या नवाहो लोकांचा, आणि त्याचा अर्थ जवळजवळ ‘शत्रूंचे पूर्वज’ असा होतो. वस्तुतः ते लोक नाहींसे झालेच नव्हते. ते दक्षिणेकडे गेले, आणि होपी, झुनी व रिओ ग्रांदे नदीकांठचे प्वेब्लो हे त्यांचेच वंशज आज नांदत आहेत. त्यांच्या कथांतून त्या कड्यांची आठवण जिवंत होती. फक्त त्यांना कोणी विचारलें नव्हतें. पांडवांची कथा प्रेमानें जन्मली आणि अनासाझी हें नांव परक्यांकडून आलें, पण दोहोंचा परिणाम एकच झाला. ज्यांचें घर त्यांचें नांव दारावरून पुसलें गेलें.

महाडच्या बाबतींत मात्र ही कथा पुस्तकांत संपली नाहीं. १९२७ च्या मार्च महिन्याच्या १९ आणि २० तारखांस महाडास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या अध्यक्षतेखालीं परिषद भरली. महाड नगरपालिकेनें सार्वजनिक तळें सर्वांस खुलें असल्याचा ठराव १९२४ मध्येंच केला होता, पण तो कागदावर होता. २० मार्च रोजीं हजारों माणसें मिरवणुकीनें चवदार तळ्यावर गेलीं आणि त्यांनीं तेथील पाणी प्राशन केलें. त्याबद्दल त्यांस मार खावा लागला, आणि तळें बाटलें म्हणून त्याची ‘शुद्धि’ करण्यांत आली. गुराढोरांच्या तोंडानें न बाटणारें पाणी माणसाच्या ओंजळीनें बाटलें! त्याच वर्षीं डिसेंबरांत दुसरी परिषद भरली. परंतु दिवाणी न्यायालयाचा मनाईहुकूम आडवा आला. ती परिषद आटोपल्यावर बाबासाहेब जवळचीं बौद्धकालीन लेणीं आणि रायगड पाहण्यास गेले. पुढें दहा वर्षें खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजीं मुंबई हायकोर्टानें तळ्यावरचा हक्क मान्य केला.

त्या डिसेंबरांत लेण्यांच्या ओसरीवरून खालीं दिसणाऱ्या गांवांत एका तळ्याचें पाणी कोणी प्यावें याचा वाद पेटलेला होता. आणि त्याच डोंगरांत एका राजकुमारानें दोन पोढ्या दान दिल्याचा लेख सतरा-अठरा शतकांपासून कोरलेला होता. तो लेख या पोढ्यांवर कोणाची मालकी सांगत नाहीं. दिलें एवढेंच सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास बाबासाहेबांनीं लाखों अनुयायांसह बौद्ध धर्माचा स्वीकार केला. त्या दिवसापासून पाल्याचा डोंगर हा केवळ पुराणवस्तूंचा विषय उरला नाहीं. रिओ ग्रांदेच्या कांठच्या लोकांस जसे त्या कड्यांत आपले पूर्वज दिसतात, तसें महाराष्ट्रांतील असंख्य घरांस या ओवऱ्यांत आपलेंच कांहीं तरी दिसतें. रक्ताचें नातें सिद्ध करीत बसण्याची त्यासाठीं गरज नाहीं. वारसा जसा जन्मानें येतो, तसा तो जाणून घेण्यानेंहि येतो.

या खोऱ्यांत पाणी देतें तसें नेतेंहि. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्रीं सावित्रीच्या पुरांत महाडजवळचा जुना पूल दोन एस. टी. गाड्यांसह वाहून गेला. २२ जुलै २०२१ रोजीं महाड शहर पुरांत बुडालें. त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर दरड कोसळून ऐशींहून अधिक माणसें गेलीं, आणि पोलादपूर तालुक्यांतहि दरडींनीं बळी घेतले. जुन्या लोकांनीं पाण्याच्या वर आणि घट्ट कातळांत आपली वस्ती केली यांत नुसतें वैराग्य नव्हतें. त्यांनीं हा डोंगर आणि ही नदी नीट पाहिली होती. अर्थात् आजच्या हजारों संसारांनीं कड्यावर राहावयास जावें असें कोणी म्हणणार नाहीं. परंतु घर बांधण्यापूर्वीं डोंगराचा उतार आणि नदीचें पात्र पाहावें, एवढा धडा त्या कातळांत आहे खास.

लेण्यांस येणारांची संख्या अलीकडे वाढली आहे. कोणी वंदनेस येतो, कोणी अभ्यासास, कोणी नुसता वारा खावयास. त्यांपैकीं कांहीं जण कोळशानें किंवा खिळ्यानें आपलें नांव भिंतीवर लिहून जातात. नांव मागें राहावें ही इच्छा विष्णुपालितालाहि होती, यांत शंका नाहीं. परंतु त्यानें नांव लिहिण्यापूर्वीं आठ ओवऱ्या कोरविल्या, दोन पोढ्या खोदविल्या आणि वाट करून दिली. पावसाळा सरल्यावर त्या वाटेनें चढून जावें, आठव्या लेण्याच्या भिंतीवरचीं झिजलेलीं अक्षरें पाहावींत, आणि ओसरींत बसून खालच्या सावित्रीकडे थोडा वेळ पाहत राहावें. महाडास जाऊन रायगड आणि चवदार तळें पाहणारानें हा तिसरा मुक्काम चुकवूं नये.